मॉरिशस, मोळी आणि मुकादम : मराठी सागरी इतिहासातून गाळलेला मजूर

१/ मराठी माणसाचा समुद्राशी संबंध म्हटला की आपल्याकडे तीनच चित्रे फिरत राहतात. सिंधुदुर्गाचा तट, कान्होजी आंग्र्यांचे आरमार आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर तेरहून रोमन जगाकडे गेलेला माल. तिन्ही चित्रे खरी आहेत आणि त्यांचा अभिमानही रास्त आहे. परंतु या तिन्हींत न मावणारा चौथा संबंध आपण चौकटीबाहेर ठेवला आहे. हा धागा त्या संबंधाविषयी आहे, आणि तो बाहेर ठेवणाऱ्या आपल्या सवयीविरुद्ध आहे.

२/ विषय आहे मॉरिशस. लेखन होत आहे सास्तूर येथून, लोहारा तालुक्यातून, जिथून कोकणचा किनारा तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. 'समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्याला मॉरिशसशी काय देणेघेणे?' हा प्रश्न अपेक्षित आहे. त्याचे उत्तर धाग्यातच येईल. त्याआधी या बेटाविषयी आपल्याकडे प्रतिष्ठा पावलेले दोन समज खोडून काढणे आवश्यक आहे.

३/ पहिला समज : मॉरिशस म्हणजे रामायणातील मारीचाचा देश, अर्थात प्राचीन भारतीय भूमी. ऐकायला गोड, पुराव्याला शून्य. १५९८ मध्ये डच खलाशी तेथे उतरले आणि त्यांनी नासाऊच्या राजपुत्र मॉरिसचे नाव बेटाला दिले. गिरमिटिया मजुरांच्या तोंडी त्या नावाचे 'मिरिच' झाले. त्या 'मिरिच'मधून पुढे मारीच शोधणे म्हणजे उच्चाराचा पुरावा म्हणून वापर करणे होय.

४/ डचांपूर्वी अरब दर्यावर्द्यांना हे बेट ठाऊक होते. १५०२ च्या कांतिनो नकाशात ते अरबी वळणाच्या नावाने दिसते. परंतु १६३८ मध्ये डचांनी वसाहत करेपर्यंत तेथे मनुष्यवस्ती असल्याचा पुरावा नाही. डोडो हा उडता न येणारा पक्षी तेथे निर्धास्त वाढला, तो शिकारी माणूस नसल्यामुळेच. आणि माणूस आल्यावर शतक संपायच्या आत तो नामशेष झाला. ज्या बेटावर मूळ रहिवासीच नव्हते, तेथे प्राचीन साम्राज्याच्या खुणा शोधणे व्यर्थ आहे.

५/ दुसरा समज : मॉरिशस म्हणजे 'छोटा भारत'. लोकसंख्येचा सुमारे दोन तृतीयांश भाग भारतीय वंशाचा आहे, हे खरे. पण त्या भूमीत पहिला घाम आणि पहिले रक्त सांडले ते मादागास्कर आणि मोझांबिक येथून धरून आणलेल्या गुलामांचे. पळालेल्या गुलामांच्या आसऱ्याचा ल मॉर्न हा डोंगर २००८ पासून जागतिक वारसा आहे. 'छोटा भारत' म्हणताना आपण त्यांच्या वंशजांना त्यांच्याच देशातून पुसून टाकतो. प्रेमाने केलेले अतिक्रमणही अतिक्रमणच असते.

६/ आता भूगोल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. धाराशिव जिल्ह्यात अशी जवळजवळ चार बेटे मावतील. मुंबईपासून अंतर साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस १८ अंशांवर, ते दक्षिणेस २० अंशांवर. भोवती प्रवाळाचे कडे, मध्यभागी पठार, सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर पाऊस पाडतात. वायव्येला, वाऱ्याच्या आडोशाला, पोर्ट लुई हे सुरक्षित बंदर आहे.

७/ बेट ज्वालामुखीजन्य आहे आणि दगड काळा बेसाल्ट. येथे मराठवाड्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूवरून दख्खनचे लाव्हाथर पसरले, तोच बिंदू भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकल्यानंतर लक्षद्वीप, मालदीव, चागोस असा माग ठेवत मॉरिशस आणि रियुनियनपर्यंत पोहोचला, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत आहे. रियुनियनवरील ज्वालामुखी आजही जागा आहे. सास्तूरच्या शिवारातील काळा दगड आणि मॉरिशसच्या उसातील काळा दगड यांचे कूळ एकच.

८/ हा योगायोग मिरवण्यासाठी सांगितलेला नाही. मॉरिशसच्या उसाच्या फडांत आजही दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. लागवडीयोग्य जमीन मोकळी करण्यासाठी गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी ते दगड हातांनी वेचून रचले. निसर्गाने दगड दिला, माणसाने रान केले, आणि रान मळेवाल्याचे झाले. बेटाचा अर्थशास्त्रीय इतिहास या तीन वाक्यांत येतो.

९/ सत्तांतराचा क्रम लक्षात ठेवा. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या लाबूर्दोने याने पोर्ट लुईचे आरमारी ठाणे केले, आणि १७४६ मध्ये मद्रास जिंकणारे आरमार त्यानेच नेले. सुएझ कालवा १८६९ चा. त्याआधी युरोपहून हिंदुस्थानास येणारी वाट आफ्रिकेला वळसा घालून येई आणि हे बेट त्या वाटेच्या उशाशी होते. भूगोलाने त्याला किल्ली बनवले; म्हणून ती किल्ली कोणाच्या कमरेला, यासाठी युद्धे झाली.

१०/ मराठी मुलखाचा या बेटांशी संबंध येथून सुरू होतो, आणि तो आपल्या आरमारामुळे नव्हे. १८०९ मध्ये इंग्रजांनी मॉरिशसशेजारचे रॉड्रिग्ज बेट घेतले, तेव्हा त्या फौजेत मुंबईच्या देशी पायदळाचे शिपाई होते. त्या पलटणींत कोकणातील भरती मोठी असे. १८१० च्या अखेरीस मॉरिशस इंग्रजांकडे गेले. म्हणजे पहिला संबंध शिपायाचा : दुसऱ्याच्या निशाणाखाली, दुसऱ्याच्या युद्धात.

११/ दुसरा संबंध कैद्याचा. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी काळ्या पाण्याची शिक्षा म्हणून मॉरिशसला पाठवले गेले. बेटावरील रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा त्याने हे हिंदुस्थानी कैदी पाहिले आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांची नोंद केली. पर्यटक ज्या रस्त्यांची छायाचित्रे टाकतात, त्यांच्या पायाशी हा इतिहास आहे.

१२/ तिसरा आणि सर्वांत मोठा संबंध मजुराचा. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जादा जकात उठवली आणि ऊस झपाट्याने वाढला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी संपली. मालकांना सुमारे वीस लाख पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. मुक्त झालेल्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. तेव्हा साखरेला नवे हात हवे होते, आणि ते हिंदुस्थानात स्वस्त होते.

१३/ २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचे झाले 'गिरमिट', आणि माणूस झाला 'गिरमिटिया'. गैरप्रकारांची ओरड होऊन ही वाहतूक मध्यंतरी थांबवली गेली. १८४२ मध्ये ती पुन्हा खुली झाली, तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तिन्ही बंदरे तिच्यात आली.

१४/ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक असे गेले. त्यांतील मुंबईमार्गे गेलेले दहा टक्क्यांहूनही कमी. त्यांत मराठी बोलणारे प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा या पट्ट्यांतील होते. जे परतले नाहीत त्यांनी झाकरी जपली, म्हणजेच आपली कोकणातली जाखडी. गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. घरात मात्र क्रिओल बोलली जाते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

१५/ आता कराराची यंत्रणा पाहा, कारण या धाग्याचा गाभा तेथेच आहे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. इंग्रजीत त्याला 'डबल कट' म्हणत. आजारपण, बाळंतपण, घरातील मृत्यू यांचीही गय नसे. करार मोडणे हा केवळ दिवाणी वाद नव्हता, तो तुरुंगात नेणारा गुन्हा होता. १८५० च्या दशकाच्या आरंभी परतीच्या मोफत प्रवासाचा हक्कही काढून घेण्यात आला.

१६/ १८६७ च्या कायद्याने करार पूर्ण केलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवाना नसला की तो 'भटक्या' ठरून गजाआड जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या वतीने अर्ज केला आणि १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमावा लागला. हे मजूर मुके नव्हते. त्यांचे बोलणे ऐकण्याची सवय नव्हती, ती इतिहासकारांनाही आणि आपल्यालाही.

१७/ मजुरांवर देखरेख ठेवणाऱ्याला मॉरिशसमध्ये 'सरदार' म्हणत. तोच अनेकदा गावी परतून नव्या मजुरांची भरती करी. इतिहासप्रेमी मराठी तरुणाला 'सरदार' म्हटले की घोडा, जिरेटोप आणि सनद आठवते. त्याच शब्दाने साडेचार हजार किलोमीटरवर टोळीवरचा माणूस ओळखला जाई. एका शब्दाचे दोन इतिहास आहेत. आपण एकच पाठ केला आहे.

१८/ आणि तो दुसरा 'सरदार' मराठवाड्याला अनोळखी नाही. आमच्याकडे त्याला मुकादम म्हणतात. बालाघाटच्या रांगांतील भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून, शेजारच्या बीडमधून तर लाखोंनी, दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर पोहोचतात. आधी उचल घ्यायची, मग ती अंगावरून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायला पाचटाची कोपी. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याला दंड.

१९/ डबल कट आणि खाडा यांच्यात दीड-पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे, पण हिशोबाची रीत एकच : चुकलेल्या दिवसाची किंमत त्या दिवसाच्या मजुरीहून जास्त ठेवायची, म्हणजे माणूस आजारातही उभा राहतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. त्या चर्चेत खाड्याची भीती हे कारण पुनःपुन्हा समोर आले. मॉरिशसचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला त्यात नवल वाटू नये, संताप वाटावा.

२०/ येथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. त्यात मुदत होती, मजुरी होती, परतीची शक्यता होती आणि बरेच जण परतलेही. ऊसतोड म्हणजे गिरमिट नव्हे. येथे काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा नाही, मजुराला मत आहे, संघटना आहेत, भाववाढीचे संप झालेले आहेत. साम्य शोधताना फरक बुजवणारा इतिहास प्रचारपत्रक ठरतो. पण फरकाच्या आड साम्य लपवणारा इतिहासही प्रचारच करतो, फक्त अधिक सभ्य भाषेत.

२१/ यावर दोन आक्षेप येतात. पहिला : 'गेले म्हणून तर त्यांची नातवंडे सुखात आहेत. दुःख कशाला उगाळता?' त्यांची नातवंडे सुखात आहेत, कारण त्यांनी परवान्याच्या कायद्याशी, मळेवाल्यांशी आणि नंतर मतदानाच्या अटींशी झुंज दिली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक. सुखाचे श्रेय कराराला देणे म्हणजे रोगी बरा झाला म्हणून रोगाचे आभार मानणे.

२२/ दुसरा आक्षेप : 'अभिमानाचा इतिहास सोडून हमालीचा इतिहास का सांगता?' २०२३ च्या एप्रिलमध्ये मॉरिशसमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि आपल्या पडद्यांवर त्या छायाचित्रांचा पूर आला. त्या आनंदाला आक्षेप नाही. तेथील मराठी समाजाने तो मान मोठ्या निष्ठेने जपला आहे. आक्षेप एवढाच, की ज्या माणसांनी तो मान समुद्रापार नेला, त्यांची पोर्ट लुईतील उतरण्याची जागा आपल्यापैकी किती जणांनी नकाशावर पाहिली?

२३/ त्या जागेचे नाव अप्रवासी घाट. बांधकामाचा आरंभ १८४९ चा. पूर्वी तिला 'कुली घाट' म्हणत. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा घोषित केले. तेथे राजवाडा नाही, बुरूज नाही. काही दगडी पायऱ्या, मुक्कामाच्या ओसऱ्या, दवाखान्याचे आणि संडासांचे अवशेष आहेत. एका देशाने ठरवले की आपल्या इतिहासाचा उंबरठा तो हाच. २ नोव्हेंबर हा दिवस तेथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. हमालीला वारसा म्हणण्याचे हे धैर्य आपल्यात कधी येणार?

२४/ तेरचे उदाहरण घ्या. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे तेर, येथील कापड गाड्यांवर लादून भडोचला नेत, असा उल्लेख आहे. आपण कापड लक्षात ठेवले, भडोच लक्षात ठेवले, रोम तर फारच लक्षात ठेवले. गाड्या हाकणारे विसरलो. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने मूर्ती आणि मणी पाहावेतच; पण हा माल कोणाच्या खांद्यावरून गेला, हा प्रश्न सोबत नेल्याशिवाय बाहेर पडू नये.

२५/ सास्तूरचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेमुळे. काळ्या दगडाच्या आणि मातीच्या भिंती कोसळल्या आणि माणसे त्याखाली गेली. त्या आपत्तीच्या नोंदी झाल्या, याद्या झाल्या, स्मारके झाली. ते योग्यच झाले. भूकंपाला तारीख असते, म्हणून त्याचा इतिहास लिहिला जातो. दरवर्षी दिवाळीला गाव सोडण्याला तारीख नसते. म्हणून ती आपत्ती इतिहासाच्या वहीत चढत नाही.

२६/ आणि येथे मॉरिशस आपल्याला खाली पाहायला लावते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन आहेत : नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जहाज, मळा, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रसुद्धा. वसाहतवाद्यांनी त्या माणसावर पाळत ठेवण्यासाठी त्या लिहिल्या. आज त्याची पणती त्याच वहीत आपले गाव शोधते. आमच्या ऊसतोड मजुराच्या नशिबी काय आहे? मुकादमाच्या खिशातील वही, जी हंगाम संपल्यावर चुलीत जाते.

२७/ म्हणून ही मागणी. ज्यांना इतिहासाचे वेड आहे त्यांनी या हंगामात एक काम करावे. आपल्या गावातील एका तरी कोयत्याची हकिगत लिहून ठेवावी : कोणत्या साली, कोणत्या कारखान्यावर, किती उचल, किती खाडे, मुले कोणाजवळ ठेवली, मोळी किती जड. स्त्रियांना आधी विचारावे, कारण त्यांना कोणीच विचारलेले नाही. चिठ्ठ्या, जुन्या वह्या, छायाचित्रे मिळतील ती मालकाच्या परवानगीने टिपून ठेवावीत. नावे प्रसिद्ध करण्याची घाई नको. ज्याची हकिगत आहे त्याचा शब्द अखेरचा.

२८/ इतिहास म्हणजे केवळ जिंकलेल्यांची वंशावळ असेल, तर मॉरिशसला गेलेला सातारचा मजूर आणि कोल्हापूरच्या फडावर गेलेली वाशीची मजूरीण या दोघांनाही त्यात जागा नाही. आम्हांस असा इतिहास अपुरा वाटतो. मराठी माणसाने समुद्र ओलांडला तो बहुतेक वेळा तलवार घेऊन नव्हे, तर अंगठा उठवून. ज्या दिवशी आपण हे वाक्य मान खाली न घालता उच्चारू, त्या दिवशी आपला सागरी इतिहास पूर्ण होण्यास आरंभ होईल.

२९/ धागा येथे संपतो. वाद घालावयाचा असल्यास अवश्य घालावा, मात्र पुरावा घेऊन. ज्यांच्या घरी अशी हकिगत आहे त्यांनी खाली दोन ओळी लिहाव्यात. गावाचे नाव आणि साल पुरे. पुढील धाग्याचा आरंभ त्या ओळींपासून होईल.